श्वासनलिकेतला शेंगदाणा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाणं होतात. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा, हरभरे. मोठी मुलं खाऊ लुटतात, बायका औक्षण करतात, आणि ज्याच्यासाठी हा सोहळा, ते बाळ मांडीवरून सरकून हाताला लागेल ते तोंडात घालतं. कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून मला आज त्याच घासाबद्दल बोलायचं आहे.

लहान मुलाचे पुढचे दात दाणा तोडतात, पण तो बारीक करणाऱ्या दाढा पूर्ण यायला अडीच वर्षं तरी लागतात. तोंडात अर्धवट तुकडा असताना मूल हसलं, रडलं, पळालं की श्वास जोरात आत ओढला जातो आणि त्याबरोबर तुकडाही श्वासनलिकेत जातो. मूल ठसकतं, लालबुंद होतं, डोळ्यांत पाणी येतं आणि थोड्या वेळात शांतही होतं. घरच्यांना वाटतं, गेलं एकदाचं. सगळ्यात फसवा काळ इथूनच सुरू होतो.

कारण तुकडा गेलेला नसतो. तो खाली उतरून एका फुप्फुसाच्या नळीत बसलेला असतो. शेंगदाणा ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने आतलं अस्तर सुजतं. काही दिवसांनी खोकला, घरघर, ताप सुरू होतो. औषध दिलं, नेब्युलायझर लावला की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. कुणी बालदमा म्हणतं, कुणी न्यूमोनिया. तोवर ठसक्याची आठवण पुसलेली असते. नाहीतर तो पाळणाघरात लागलेला असतो आणि आईला ठाऊकच नसतो.

एक्स-रेचं काय? नाणं, पिन, बॅटरी त्यात दिसते. दाणा, चिंचोका, सीताफळाची बी दिसत नाही. दिसला तर परिणाम दिसतो. श्वास घेताना नळी रुंदावते, हवा दाण्याच्या कडेने आत जाते. सोडताना नळी आवळते आणि दाणा सायकलच्या व्हॉल्व्हसारखा वाट अडवतो. म्हणून त्या बाजूचं फुप्फुस फुगलेलं दिसतं. सुरुवातीला कित्येकदा तेही दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल असला तरी ठसक्याची हकीकत पक्की असेल, तर दुर्बिणीने आत पाहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. पाहिलं आणि काहीच सापडलं नाही, तर मला आनंदच होतो. राहून गेलेला दाणा मात्र फुप्फुसाचा तेवढा भाग निकामी करू शकतो.

असं नळीने आत पाहून अडकलेली वस्तू काढणं आजचं नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे 1897 साली गुस्ताव्ह किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा नळी घालून काढला. पुढे फिलाडेल्फियाच्या शेव्हॅलियर जॅक्सन यांनी हे तंत्र घडवलं. रुग्णांच्या घशातून आणि छातीतून काढलेल्या 2,374 वस्तूंचा त्यांचा संग्रह तिथल्या म्यूटर संग्रहालयात आहे.

आज उपकरणं कितीतरी सुधारली, पण मूळची अडचण तीच आहे. दीड वर्षाच्या मुलाची श्वासनलिका जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंद. त्यातूनच त्याने श्वास घ्यायचा, त्यातूनच भूलतज्ज्ञांनी ऑक्सिजन द्यायचा आणि त्यातूनच मी धातूची नळी, दुर्बीण आणि चिमटा घालायचा. चिमटा जोरात दाबला तर फुगलेल्या दाण्याचा चुरा होतो, हलका धरला तर दाणा सुटतो. अख्खा दाणा नळीतून बाहेर येत नाही, म्हणून नळी, चिमटा, दाणा असं सगळं एकदमच ओढावं लागतं. नेमका स्वरयंत्रापाशी तो निसटून अडकला, तर दोन्ही फुप्फुसांची हवा बंद होते आणि मूल निळं पडू लागतं. पटकन धरता आला नाही, तर तो पुन्हा खाली, एका बाजूच्या नळीत ढकलायचा. एका फुप्फुसावर मूल तग धरतं, आपल्याला पुन्हा प्रयत्न करता येतो. भूलतज्ज्ञ आणि मी हे सगळं आधी बोलून ठेवतो, कारण त्या क्षणी बोलायला वेळ नसतो.

आता घरी काय करायचं ते ऐका. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या आणि दवाखाना गाठा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालू नका. ती आणखी आत जाते. आवाजच फुटत नसेल, तर वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन खांद्यांच्या मधे पाच थापा मारा; मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. वर्षावरच्या मुलाला पाठीत पाच थापा मारून, मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाबा. वस्तू निघेपर्यंत आलटूनपालटून हेच करा. दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. मूल बेशुद्ध पडलं, तर लगेच छातीवर दाब आणि तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करा.

चार-पाच वर्षांपर्यंत मुलांना अख्खे दाणे, फुटाणे देऊ नका. दाण्याचं बारीक कूट चालेल. बोरन्हाण जरूर करा, पण दाणे, बोरं, रेवड्या, हलवा वगळा. बाळाला शेवटपर्यंत मांडीवर धरा आणि झाल्यावर लगेच केर काढा. आणि खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांपुढे बसताच आधी हे सांगा, की अमुक दिवशी याला खाताना ठसका लागला होता. डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका.