संगणकाच्या मुख्य फलकावरील मापनव्यवस्था व तिच्या मर्यादा



लोंढा हे खानापूर तालुक्यातील गाव सर्वत्र ओळखले जाते ते रेल्वेच्या जंक्शनामुळे. मोरमुगावहून निघून 37 फुटांस एक फूट अशा चढणीने ब्रागांझा घाट चढणारा लोहमार्ग 1880 च्या दशकात तयार झाला, आणि तेव्हापासून घाटावरच्या व घाटाखालच्या गाड्यांची ये-जा या परिसराच्या अंगवळणी पडलेली आहे. गाडी स्थानकात शिरत असताना रुळांच्या दोन्ही बाजूंस परीक्षक उभे राहतात, चाकांचा आवाज ऐकतात आणि गाडी थांबताच एक्सल बॉक्स तापला आहे काय हे पाहतात. पूर्वी ते हाताने चाचपून पाहत. आता दुरून उष्णता मोजणारे अवरक्त तापमापक हाती आलेले आहेत. डब्यांतील प्रत्येक एक्सल बॉक्स तपासला जातो, त्यांपैकी एखादाच तपासून गाडी पुढे सोडली जात नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते, आणि ते बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

कर्नाटकात 2000 साली ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावरून मिळू लागले. त्यानंतर दाखले, अर्ज, बँकेचे व्यवहार असे सारेच हळूहळू संगणकाच्या स्वाधीन झाले. अशा केंद्रांतून व लहान दुकानांतून जे संगणक असतात, त्यांचा मुख्य फलक, ज्यास सर्वजण मदरबोर्ड म्हणतात, बहुधा सर्वांत कमी किमतीचा असतो. पीककर्जासाठी उतारा हवा असलेला शेतकरी जांबोटीकडून दिवस मोडून आलेला आहे, बाहेर पाऊस कोसळतो आहे, आणि संगणक मध्येच आपोआप बंद पडतो, असा प्रसंग कल्पून पाहावा. संगणक पुन्हा सुरू करून तापमान पाहिले तर पडद्यावर 42 अंश दिसतात. चालक म्हणतो, ‘यंत्र ठीक आहे.’ शेतकरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

ते 42 अंश कशाचे, हा खरा प्रश्न होय. 1990 च्या दशकाच्या मध्यास ‘नॅशनल सेमीकंडक्टर’ कंपनीने ‘एलएम 78’ ही मापनासाठी खास घडविलेली चकती बाजारात आणली, आणि सामान्य संगणकात उष्णता, विद्युतदाब व पंख्याची गती मोजण्याची प्रथा रुळली. आज हेच काम ‘सुपर आय-ओ’ नावाच्या चकतीत इतर कामांबरोबर उरकलेले असते. प्रोसेसरच्या आत स्वतंत्र संवेदक असतो. परंतु प्रोसेसरला वीज पुरविणारा जो विभाग त्याच्या शेजारीच असतो, 12 व्होल्टचा दाब सुमारे एक व्होल्टवर आणून मोठा प्रवाह देतो आणि त्या खटाटोपात स्वतः फार तापतो, त्या विभागावर स्वस्त फलकात अनेकदा ना उष्णता सोडणारा धातूचा ठोकळा असतो, ना संवेदक. म्हणजे जो एक्सल बॉक्स तापतो, तोच तपासला जात नाही.

प्रोसेसरचा आकडाही सरळ असतोच असे नाही. 2006 पासूनच्या इंटेलच्या ‘कोअर’ प्रोसेसरांतील संवेदक प्रत्यक्ष तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच तो सांगतो, आणि मर्यादेजवळ तो जितका विश्वसनीय, तितका थंड असताना नसतो. एएमडी कंपनीच्या 2017 च्या ‘रायझेन 7 1700एक्स’ या प्रोसेसरात तर दाखविला जाणारा आकडा पंख्याच्या नियंत्रणासाठी मुद्दाम 20 अंशांनी चढा ठेवलेला होता. ज्यांस हे ठाऊक नव्हते, त्यांनी विनाकारण काळजी केली. याउलट, फलकावर ज्या जागी संवेदक जोडलेलाच नाही, त्या जागेचे तापमान एखादा कार्यक्रम उणे 55 किंवा 127 अंश असेही बिनदिक्कत दाखवितो. असा आकडा निदान हास्यास्पद तरी असतो. खरी फसवणूक होते ती पटण्याजोग्या खोट्या आकड्याने.

विद्युतदाबाची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘एलएम 78’ सारखी चकती जेमतेम चार व्होल्टपर्यंतचा दाब 256 पायऱ्यांत मोजते. एक पायरी 16 मिलिव्होल्टची. 12 व्होल्टचा दाब दोन रोधकांच्या साह्याने चौथाईवर आणून तिच्यापुढे ठेवावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात एक पायरी 64 मिलिव्होल्टची होते. रोधकांतील थोडी तफावत आकड्यात उतरते, आणि ते प्रमाण प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवितो. कार्यक्रमाला ते प्रमाण ठाऊक नसेल तर त्याचा आकडा केवळ अंदाज ठरतो. 12 व्होल्टच्या तारेवर पाच टक्के कमीजास्त, म्हणजे 11.40 ते 12.60 व्होल्ट, हे प्रमाणित मानले जाते. पडद्यावर 11.2 दिसले म्हणून लगेच नवा वीजपुरवठा संच विकत घेऊ नये. आधी साध्या मल्टिमीटरने तारेवर मोजून पाहावे. दहांपैकी किती वेळा दोष मापनाचाच निघतो हे दुरुस्ती करणारे जाणतात.

शिवाय हे मापन सावकाश, सेकंदा-दोन सेकंदांनी होते. दाबातील सूक्ष्म लहरी त्यात उमटत नाहीत. या शतकाच्या आरंभी सदोष कपॅसिटर फुगून असंख्य फलक निकामी झाले, तेव्हा पडद्यावरील सरासरी दाब पुष्कळदा ठीकच दिसत असे. दोष दिसला तो झाकण उघडून फुगलेले कपॅसिटर डोळ्यांनी पाहिल्यावर. पावसाळ्यात वीज क्षणभर मिचकावते, त्याचेही तेच. वीजपुरवठा संच असा खंड सुमारे 16 मिलिसेकंद सोसतो; त्याहून लांबला तर संगणक बंद पडतो, आणि मागे कसलीही नोंद राहत नाही.

नोंद न राहणे ही स्वस्त फलकाची सर्वांत मोठी उणीव म्हटली पाहिजे. मोठ्या सर्व्हर यंत्रांत मुख्य प्रोसेसर बंद असतानाही पहारा देणारी स्वतंत्र चकती असते आणि ती घटनांची वही राखते. 1998 साली इंटेल, डेल, ह्युलेट-पॅकार्ड व एनईसी या कंपन्यांनी त्यासाठी एक समान पद्धत ठरविली. साध्या संगणकात पहारेकरी घराबरोबरच झोपतो.

पंख्याचे एकच उदाहरण पुरे. पंखा प्रत्येक फेऱ्यात दोन ठोके देतो, त्यावरून त्याची गती मोजली जाते. गती उत्तम आहे, परंतु ठोकळ्याच्या पात्यांत धूळ व दमट हवेने चिकटलेला कचरा गच्च बसला आहे, तर वारा कोठून जाणार? गती मोजली जाते, वारा मोजला जात नाही. आणि पंखा दोन तारांचा असेल तर तेवढेही नाही.

खरेदीच्या वेळी वेग व साठवण यांबरोबर वीज देणाऱ्या विभागावर ठोकळा आहे काय आणि तेथे संवेदक आहे काय, हे विचारून घेण्यास काही खर्च येत नाही. मृग नक्षत्रापूर्वी एकदा झाकण उघडून मऊ ब्रशाने धूळ झाडावी, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे म्हणजे ते भरमसाट फिरणार नाही. अवरक्त तापमापक हाताशी असेल तर चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवितो हे ध्यानात असू द्यावे. काळ्या चकतीवर तो रोखावा. यंत्राशेजारी एक साधी वही दोऱ्याने बांधून ठेवावी. संगणक बंद पडला तर वेळ, त्या वेळी दिवे मिचकावले काय, कोणते काम चालू होते आणि खोलीत उकाडा किती होता, एवढे तीत लिहावे. दुरुस्तीस येणाऱ्याने पडद्यावरील आकड्यांच्या आधी ती वही मागावी.