माशाचे तोंड पाहून घास करा

उजनीच्या काठावर, केत्तूर-वाशिंब्याकडे, गळाला कणीक लावायची तर ती घट्ट मळून, गोल करून लावतात. शेततळ्यात मात्र आपण पेंड-कोंड्याची भुकटी मुठीने उधळतो आणि पैसा पाण्यात घालतो.

कटला, रोहू व मृगळ यांच्या जबड्याला दात नसतात. ते घास ओढून घेतात व घशातील दातांनी भरडतात. म्हणून घास तोंडात मावेल एवढाच हवा. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी खातो. भुकटी पाण्यात पसरते, तळाशी कुजते. पहाटे प्राणवायू कमी पडून मासे मरतात. घट्ट गोल गोळ्याला पाणी कमी लागते, तो सावकाश विरघळतो.

शेंगदाणा पेंड रात्रभर भिजवा, तेवढाच भाताचा कोंडा मिसळून गोळे करा. ते टोपलीत ठेवून रोज ठरलेल्या जागी पाण्यात सोडा. दोन तासांनी टोपली वर घ्या. खाद्य उरले असेल तर उद्या कमी द्या. बोटुकलीला बारीक खाद्यच द्यावे. तरंगती गोळी महाग पडते. पण उरलेली डोळ्यांना दिसते, हा तिचा फायदा आहे.

टोपली रिकामी आली, की खर्च माशाच्या अंगी लागला असे समजा.