पत्रांतल्या सावित्रीबाई

पालकहो आणि आज बी.एड. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो,

दिल्लीत, तेही सरोजिनी नगरात, दीक्षान्त भाषण मराठीत करायला मिळतंय, याचा आनंद आधी सांगून टाकते. एरवी इथं मराठी कानावर पडते ती बाजारात, ‘अगं, आणखी कमी करायला सांग ना’ एवढीच.

तुमच्यापैकी काहींच्या आज्या या वस्तीला अजून विनय नगर म्हणत असतील. सरकारी नोकरांसाठी बांधलेले इथले जुने क्वार्टर पाडून आता उंच इमारती उभ्या राहताहेत. त्या क्वार्टरांतून सकाळी नवऱ्याचा डबा भरून, मुलांच्या वेण्या घालून स्वतः शिकवायला जाणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या. त्यांच्याविषयी बोलावं असं मनात होतं. पण भाषण लिहायला बसले आणि मागे मागे जात थेट पुण्यात भिडे वाड्याशी पोचले. तो वाडाही डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारकासाठी. १८४८ साली तिथं जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हे तुम्ही परीक्षेत लिहून आलेलाच आहात.

दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळाशाळांतून एखादी मुलगी लुगडं नेसून सावित्रीबाई होते, दोन मुलगे तिच्यावर शेणाचे गोळे फेकतात आणि टाळ्या पडतात. प्रसंग खराच आहे. पण आपण त्या शेणापाशीच थांबतो, याचा मला राग येतो. बाईंनी सोसलं किती हे आपल्याला तोंडपाठ, आणि केलं काय हे विचारलं की वर्गात शांतता.

म्हणून मी त्यांच्या पत्रांकडे वळते. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात आहेत. नवऱ्याला लिहिलेली पत्रं म्हणून उघडावीत, तर क्षेमकुशल दोन ओळींत आटोपतं आणि बाई कामाला लागतात.

पहिलं पत्र ऑक्टोबर १८५६ चं. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी, नायगावला होत्या. पुण्यात शाळेचा सगळा भार सहशिक्षिका फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्या लिहितात. स्वतः आजारातून सावरत असताना सोबतिणीच्या तासांची काळजी! शिक्षकखोलीत बदली तासांवरून होणारी भांडणं तुम्हाला लवकरच दिसतील, तेव्हा हे वाक्य आठवा. याच पत्रात भावाशी झालेला वाद आहे. महार-मांगांना शिकवून तुम्ही नवराबायको बहिष्कृत झालात, असं तो म्हणाला. बाईंनी त्याला गप्प केलं ते घरातल्याच दाखल्यानं: गाईबकऱ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसाचा मात्र विटाळ मानतोस? समोर भाऊ, शेजारी आई बसलेली, आणि हे ऐकवायचं. पुण्याच्या रस्त्यापेक्षा माहेरच्या ओसरीवर बोलणं कठीण असतं, बायांना हे सांगायला नको.

दुसरं पत्र १८६८ चं, पुन्हा नायगावचंच. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण, गावोगाव पंचांग सांगून पोट भरणारा. त्याचं आणि शारजा या महार मुलीचं प्रेम जमलं. तिला दिवस गेले. गावकऱ्यांनी दोघांना धरलं, मारहाण करत गावातून मिरवलं आणि ठार मारायला निघाले. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या. जमावापुढे त्यांनी प्रेमावर व्याख्यान दिलं नाही. इंग्रज सरकारच्या कायद्यात खुनाला काय शिक्षा आहे, एवढंच समोर मांडलं. जमाव विरला. मग या जोडप्याची पाठवणी त्यांनी पुण्याला, जोतीरावांकडे केली. आपल्याला न विचारता बायकोनं माणसं घरी पाठवली तर नवरा काय म्हणेल, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. त्या संसाराविषयी मला यापेक्षा मोठा पुरावा नको.

तिसरं पत्र १८७७ चं, जुन्नरकडच्या ओतूरहून. दुष्काळ पडलेला, सावकार मातलेले, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांना पकडलेलं. बाईंनी कलेक्टरपुढे बोलून त्यांना सोडवलं.

आता सावित्रीबाईंमधल्या आईविषयी. त्यांना मूल झालं नाही. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी दोघांनी बाळंतपणाची सोय घरातच केली होती. १८७४ मध्ये काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा तिथं बाळंत झाली. तो मुलगा त्यांनी दत्तक घेतला: यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा भाऊबंद आडवे आले, दत्तकाला टिटवं धरू देईनात. सावित्रीबाईंनी ते स्वतः उचललं आणि प्रेतयात्रेपुढे चालू लागल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा पोटच्या पोरासारखा वाढवलेला हा मुलगा त्यांनी लष्करी नोकरीतून बोलावून घेतला, रोग्यांवर उपचार करायला. शहर सोडून पळणाऱ्यांचे ते दिवस! हडपसरच्या माळावर दवाखाना निघाला. मुंढव्याहून पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथं आल्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्चला त्या गेल्या. वय सहासष्ट.

शाळा, घर आणि रस्ता यांच्यात त्या बाईंनी भिंत ठेवलीच नव्हती. दाराबाहेर कोण राहिलंय हे बघायचं आणि त्याला आत आणायचं, एवढं एकच काम त्या तिन्ही ठिकाणी करत होत्या. तुम्हालाही ते लांब शोधायला नको. या हॉलबाहेर बाजारात टी-शर्टांच्या ढिगाशेजारी उभं राहून ‘सौ का एक’ ओरडणारा दहा-अकरा वर्षांचा पोरगा कुठल्यातरी शाळेच्या पटावर असतो. त्याच्या वर्गशिक्षकाच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे सलग ‘गैरहजर’ लागत जातं. उद्या ते रजिस्टर तुमच्या हातात येईल. नवयुग शाळेत लागा, दिल्ली सरकारच्या शाळेत लागा की बड्या खासगी शाळेत, पहिल्या महिन्यात अशा एका तरी मुलाच्या घरी जा. आई घरी भेटली नाही तर बाजारात गाठा.

आणि पालकांनो, विशेषतः सासूबाईंनो, शेवटचं तुमच्याशी बोलते. यशवंत विधवेचा मुलगा, म्हणून त्याला मुलगी द्यायला कुणी धजेना. हडपसरच्या ससाण्यांनी दिली. १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीनं लग्न झालं. चरित्रकार लिहितात की सुनेला शिकता यावं म्हणून सावित्रीबाई घरकाम स्वतःच उरकत. दिल्लीच्या बऱ्याच सरकारी शाळांत सकाळची पाळी मुलींची, दुपारची मुलग्यांची. सकाळच्या पाळीत नोकरी लागली तर तुमच्या या मुली-सुना उजाडताच घराबाहेर पडतील. घरातला स्वयंपाक आणि त्यांचा डबा कोण करणार, ते आज रिक्षात बसल्या बसल्या ठरवून टाका.