उझ्वार: सुक्या फळांचं पाणी आणि एक जादा ताट

हेडफोन लावलेत ना? आज युक्रेनच्या स्वयंपाकघरात जाऊया.

सुकवलेली सफरचंदं, नासपती, आलुबुखार, थोड्या चेरी. धुवायचं, पाण्यात घालायचं, मंद आचेवर उकळायचं. नासपती आधी, ती शिजायला वेळ घेते. मग गॅस बंद, वर झाकण, आणि रात्रभर विसरून जायचं. चव खरी मुरल्यावर येते. गार होत आलं की मध. हा झाला उझ्वार. फळं भट्टीच्या धुरावर सुकवलेली असतील तर घोटाघोटाला तो धूर जाणवतो.

एरवीही पितात, पण याचा मान नाताळच्या आदल्या संध्याकाळी. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. टेबलावर 12 पदार्थ, आणि उपवास असल्यामुळे मांस, दूध, अंडी काहीच नाही. त्यात दोन मानकरी: कुत्या आणि उझ्वार. कुत्या म्हणजे शिजवलेले गहू, खसखस, मध, अक्रोड. आपल्या गव्हाच्या खिरीची लांबची बहीण म्हणा, फक्त बिनदुधाची. पूर्वी ही दोन्ही भांडी घराच्या पवित्र कोपऱ्यात, देवाच्या चित्रांखाली, गवतावर ठेवायचे.

आता गंमत बघा. कुत्या हे गेलेल्या माणसांच्या आठवणीचं अन्न, ते अंत्यविधीच्या जेवणातही असतं. आणि उझ्वार जन्माचा! फळ म्हणजे नवा जीव, असा तो हिशोब. म्हणजे मरण आणि जन्म, दोन्ही शेजारी शेजारी वाढलेले. गेलेल्यांसाठी एक ताट जादा मांडतात. जेवण झालं तरी कुत्या आणि चमचे रात्रभर तसेच ठेवायची रीत आहे, पूर्वज येऊन खातील म्हणून.

पूर्वज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पणजोबा येतात. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने मोठा हल्ला केला, आणि त्यानंतर कितीतरी घरांत ते ताट पंचविशीतल्या मुलासाठी मांडलं जातंय. तुमच्या-माझ्या वयाच्या.

अजून एक बदललं: तारीख. पिढ्यान्‌पिढ्या ही संध्याकाळ 6 जानेवारीला यायची, रशियन चर्चसारखीच. 2023 मध्ये ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेनने कॅलेंडर बदललं, सरकारनेही सुट्टी 25 डिसेंबरला नेली. म्हणून आता 24 डिसेंबर. काहीजण अजून जुनीच तारीख पाळतात.

करून बघणार असाल तर एवढंच सांगतो, मध उकळत्या पाण्यात घालू नका. आणि तळाची मऊ फळं फेकू नका हां, चमच्याने खा.