कुंकू म्हणजे डाग नव्हे

आम्ही धामापूरच्या गटातल्या बायका बोलतोय. आज कोकमाचं नाही, काजूगराचंही नाही. आज जुने फोटो मोबाईलवर साफ कसे करायचे, ते सांगणार आहोत.

आपल्याकडे चार महिने पाऊस. भिंतीवरच्या फ्रेमा ओल धरतात. जुन्या फोटोतलं चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं, आणि ओल मिळाली की बुरशी त्याच थरावर वाढते. मग आजीच्या गालावर पांढुरके ठिपके, आजोबांच्या टोपीवर पिवळा डाग. घरात तो एकच फोटो, दुसरी प्रत नाही.

आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकींच्या नातवाने त्यांच्या आईचा असाच फोटो एका अ‍ॅपमध्ये टाकला. एक बटण दाबलं आणि फोटो लखलखीत होऊन आला. काकींनी तो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाल्या, "ह्या माज्या आवशीचा तोंड न्हय गो!" खरंच होतं त्यांचं. डागांबरोबर कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, रंग उजळला होता, हनुवटीवरचं गोंदण गायब होतं. अशी बटणं पुसलेल्या जागी अंदाजाने नवा चेहरा भरतात. तेव्हा आम्ही ठरवलं, हे काम हाताने शिकायचं.

पहिली गोष्ट, मूळ फोटोला ओलं फडकं लावू नका. बुरशीबरोबर चित्रही पुसलं जातं. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकटच त्याचा फोटो घ्या. फ्रेम पडवीत उजेडाला ठेवा, पण थेट उन्हात नको. फ्लॅश बंद करा. मोबाईल फ्रेमच्या अगदी समोर, सरळ धरा. काचेत आपलंच तोंड दिसतं, त्यासाठी एकीने मोबाईलच्या मागे काळं कापड धरावं. सुटा फोटो असेल तर कुडाळला किंवा मालवणला गेलात की स्कॅन करून घ्या, आणि सहाशे डीपीआयवर करा असं सांगा. डोळ्यांची, दागिन्यांची बारीक नक्षीसुद्धा येते.

आम्ही स्नॅपसीड वापरतो. फुकट आहे. आधी कडा कापून फोटो सरळ करायचा, मग उजेड थोडा वाढवायचा, आणि शेवटी डाग. डागांसाठी त्यात 'हीलिंग' नावाचं साधन आहे. बोट फिरवलं की ते आजूबाजूचा भाग उचलून डागावर बसवतं, फाटक्या लुगड्याला त्याच लुगड्याचं ठिगळ लावावं तसं. दोन बोटांनी फोटो जितका मोठा कराल तितकं ठिगळ लहान पडतं. म्हणून खूप मोठा करा आणि टिकल्या लावल्यासारखं एकेक ठिपका टिपा. लांब रेघ ओढली की कापडाची नक्षी फरफटते.

सरावाला आम्ही आपल्या तलावाचा फोटो घेतला, आकाशात विजेची तार असलेला. मोकळ्या आकाशातली तार चुटकीसरशी जाते. तीच तार भगवती देवळाच्या छपरावरून जाते तिथे खरी परीक्षा असते, कारण साधनाला छप्पर कुठलं आणि आकाश कुठलं ते कळत नाही. (काठावरचं प्लास्टिक मात्र आम्ही फोटोतून काढलं नाही. 1530 साली बांधलेला तलाव, 2020 साली जगातल्या वारसा सिंचन कामांत त्याची नोंद झाली. फोटोतला कचरा पुसला तर तलावातला कोण उचलणार?)

चेहऱ्याला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी मागची भिंत, मग लुगडं, मग हात. आणि चेहऱ्यावर आलात की घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा. साधनाला कुंकू आणि बुरशी यांतला फरक कळत नाही. नथीचा मोती, तीळ, गोंदण, देवीचे वण, सगळं त्याला डागच. काकींच्या आईचा फोटो आम्ही पुन्हा मुळापासून केला तेव्हा काकी प्रत्येक ठिपक्याला सांगत होत्या, हा ठेव, हा काढ. चार दुपारी गेल्या. एका डोळ्याच्या कडेचा थर पूर्ण उडालेला होता. तिथे दुसरा डोळा उलटा करून बसवता आला असता. काकी नको म्हणाल्या, आम्ही ती जागा तशीच ठेवली. आम्हाला ते पटलं.

विकायच्या मालाच्या फोटोतही हेच लागू. बाटलीवरचा बोटांचा ठसा खुशाल काढा, पण आगळाचा लाल रंग वाढवू नका. गिऱ्हाईक बाटली उघडतंच. लग्नाच्या स्थळासाठी मुलीचा रंग उजळून द्या म्हणून कोणी आलं, तर आम्ही सरळ नाही सांगतो. आधारसारख्या सरकारी कागदाच्या फोटोला तर हातच लावायचा नाही.

काम झालं की 'एक्सपोर्ट' करा, म्हणजे नवी प्रत होते आणि आधीची शाबूत राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होतो आणि छापताना फाटतो. सुट्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने नाव लिहा, पेनाची शाई पुढे उमटते. फोटोतल्या सगळ्यांची नावं सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे लिहून घ्या. पितृपक्षात फोटो खाली उतरवालच, तेव्हा फ्रेमची मागची बाजूही उघडून बघा. पुठ्ठा ओला लागला तर तो बदला, आणि फ्रेम पुन्हा ओल्या भिंतीवर टांगू नका.