गच्चीवरून उपग्रह



२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या कितीतरी गावांनी आकाशातून जळत्या ठिपक्यांची लांबलचक रांग सरकताना पाहिली. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पडले म्हणाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३ बी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या जाणकारांनी लगोलग सांगितले. या हिशेबनिसांत पगारी शास्त्रज्ञ आहेत, तसे निव्वळ हौसेपोटी जागणारेही आहेत.

या हौसेला रीतसर सुरुवात झाली १९५६ साली. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी ‘मूनवॉच’ नावाची मोहीम काढली, तेव्हा एकही उपग्रह आकाशात नव्हता! व्हिपल यांच्या योजनेतले, उपग्रहांचा माग काढणारे बेकर-नन कॅमेरे जगभर बसून होईपर्यंत १९५८ उजाडले. त्यांतला एक आपल्या नैनितालला होता. तोवर काम कोणी करायचे? शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, दुकानदार यांनी. एक उंच खांब उभारायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना उत्तर-दक्षिण ओळीत माणसे बसवायची, प्रत्येकाने छोट्या दुर्बिणीतून आकाशाचा नेमून दिलेला तुकडा धरून ठेवायचा. ठिपका आपल्या तुकड्यातून गेला, की ओरडायचे. शेजारी टेपरेकॉर्डर चालू असे आणि त्यावर रेडिओची वेळेची खूणही मुद्रित होत असे.

४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला आणि या मंडळींना एकदम काम लागले. गंमत अशी, की लोकांनी ‘स्पुटनिक पाहिला’ म्हणून जे सांगितले, तो बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग फिरणारा अग्निबाणाचा भाग होता. खुद्द उपग्रह म्हणजे ५८ सेंटिमीटरचा गोळा. तो नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीणच.

पाच वर्षांनी, ५ सप्टेंबर १९६२ ला, स्पुटनिक ४ विस्कॉन्सिन राज्यावर जळत खाली आला. मिलवॉकीचे मूनवॉच पथक त्याच्या वाटेवर डोळे लावून होते. मॅनिटोवॉक शहरात भररस्त्यावर पडलेला सुमारे नऊ किलोंचा तुकडा पोलिसांनी आधी भंगार समजून बाजूला सारला होता. आकाशात काय जळाले ते कळले, तेव्हा कुठे त्या भंगाराला भाव आला.

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. खाली अंधार पडलेला असतो आणि चारशे किलोमीटर उंचीवर मात्र अजून ऊन असते. म्हणून तो दिसतो, आणि म्हणूनच महाराष्ट्रातून कमी उंचीचे उपग्रह मुख्यतः सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या तास-दीड तासात सापडतात. पूर्वेकडे निघालेला ठळक ठिपका आकाशाच्या मध्यावरच विझतो, तेव्हा तो ढगात गेलेला नसतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. एकसारखे न तेवता लुकलुकत गेला, तर बहुधा कोलांट्या घेणारा रिकामा अग्निबाण समजावा. विमानाचे लाल-हिरवे दिवे मात्र वेगळे ओळखू येतात.

मोजमाप अगदी साधे असते. दोन ओळखीचे तारे धरायचे, त्यांना जोडणारी रेषा उपग्रहाने ओलांडली की स्टॉपवॉच दाबायचे, आणि त्या दोन ताऱ्यांमधले अंतर उपग्रहाने कोणत्या प्रमाणात कापले ते नकाशावर मांडायचे. अशा नोंदी ढिगाने जमल्या, की कक्षा काढता येते. ब्रिटनमध्ये डेस्मंड किंग-हेली यांनी हौशी निरीक्षकांच्या नोंदीही वापरल्या आणि उपग्रहांच्या बदलत्या कक्षांवरून वरच्या विरळ हवेची घनता व तिथले वारे अभ्यासले.

सरकारांना मात्र हे प्रकरण नेहमीच रुचते असे नाही. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाने एक्स-३७बी हे बिनमाणसाचे यान सोडले आणि त्याची कक्षा सांगितली नाही. महिन्याभरात हौशी मंडळींनी ती शोधून जाहीरही केली. कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारता येतो. यानावर पडलेल्या उन्हाचे काय करणार?

श्रोतेहो, सुरुवात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून करा. ते ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरा घालते आणि चांगल्या फेरीत शुक्राइतके ठळक दिसते. आपल्या गावावरून ते कधी जाणार, हे नासा आगाऊ कळवते. घड्याळ सेकंदापर्यंत लावून घ्या, स्वाती, चित्रा, अभिजित हे तारे आधी ओळखून ठेवा, आणि स्थानक कोणत्या दोघांमधून किती वाजता गेले ते वहीत लिहा. तारीख आणि ठिकाण लिहायला विसरू नका, त्यांच्याशिवाय नोंद निरुपयोगी ठरते.