एका ओळीतला जिल्हा

जालना जिल्ह्याची हद्द संगणकाला आकड्यांतच सांगावी लागते. हद्द जिथे जिथे वळते, तिथले रेखांश-अक्षांश एकापुढे एक लिहायचे. दक्षिणेला अंबड, घनसावंगीच्या कडेने गोदावरी हीच हद्द. तिच्या वळणावळणाला आकड्यांची जोडी. असे नकाशे बहुधा जिओजेसन प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतात. जागा वाचावी म्हणून सॉफ्टवेअर कित्येकदा मध्ये एकही एंटर मारत नाही. आठही तालुके एकाच ओळीत!

एखादा विद्यार्थी ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतो आणि पडदा गोठतो. संगणक जुना झाला, नाहीतर फाइल बिघडली, असे त्याला वाटते. पण तेवढ्याच आकाराची, छोट्या ओळींची फाइल त्याच संगणकावर झटकन उघडते.

बहुतेक एडिटर मजकुराचा हिशेब ओळींवर ठेवतात. पडद्यावर दिसणाऱ्या चाळीस-पन्नास ओळी तेवढ्या मांडायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. ओळ एकच असली की ही काटकसर संपते. वर्ड रॅप चालू असेल, तर ओळ कुठे दुमडायची हे ठरवायला सुरुवातीपासून मोजत यावे लागते. एक अंक बदलला तरी पुन्हा मोजणी. फाइलमधली तालुक्यांची नावे देवनागरीत असली तर काम आणखी वाढते. जाफ्राबादमधला 'फ्रा' संगणकाच्या लेखी चार चिन्हे, यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. ती जुळवून आकार ठरल्याशिवाय अक्षराची रुंदी कळत नाही.

एडिटर बनवणाऱ्यांनीही हे मनावर घेतले आहे. इमॅक्समध्ये २०२० साली लांब ओळींसाठी खास सोय आली, आणि २०२३ च्या २९व्या आवृत्तीत मूळ दुखण्यावरच इलाज झाला. व्हीएस कोड वीस हजार अक्षरांपुढच्या ओळीतले शब्द-आकडे वेगवेगळ्या रंगांत दाखवणे आपणहून सोडून देतो.

आपण काय करावे? मूळ फाइल तशीच ठेवून प्रत काढा. वर्ड रॅप आणि रंग बंद करा. त्याहून चांगले म्हणजे फाइल एडिटरमध्ये नेण्याआधीच जेक्यूसारख्या साधनाने तिच्या ओळी पाडून घ्या. दोन आकड्यांमध्ये एंटर आल्याने नकाशा तसूभरही सरकत नाही. अवतरणचिन्हांच्या आत मात्र एंटर मारू नका.

आणि नकाशे, याद्या लोकांसाठी खुल्या करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एका ओळीत एकच बिंदू ठेवा. फाइल थोडी मोठी होईल, पण ती साध्या संगणकावरही वाचता येईल.